तळटीप ४१ : एका विधी जर्नलसाठी तीन वर्षं पिअर रिव्ह्यू

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या साताऱ्याला कायदा शिकवते. दिवाळीनंतर तिचा फोन आला. “मॅडम, एका लॉ जर्नलकडून रिव्ह्यूसाठी विचारलंय. हो म्हणू का? तुम्ही करता ना त्यांच्यासाठी?”

करते. पिअर रिव्ह्यू, म्हणजे जर्नलकडे आलेला लेख छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणकाराने तपासून मत देणं. तीन वर्षं झाली. पाच हस्तलिखितं हातावेगळी केली, सहावं चालू आहे. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढते, कारण असे मेल आता बऱ्याच तरुण प्राध्यापकांना येतात आणि या कामात काय द्यावं लागतं, काय पदरात पडतं, हे आधी कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

जर्नलचं नाव घेत नाही. त्यांच्यातले दोष मी त्यांनाच लेखी कळवलेले आहेत, आणि त्यातले काही त्यांनी दुरुस्तही केले. हस्तलिखितं गोपनीय असतात, म्हणून लेखांचे तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन लेखांतल्या चुका एकत्र केल्या आहेत. निकालांबद्दल जे लिहिलं आहे ते मात्र जसंच्या तसं आहे; कुणीही पडताळून पाहावं.

आधी निमंत्रणाबद्दल. मेलमध्ये लेखाचं शीर्षक, दीडशे शब्दांचा गोषवारा आणि होय-नाहीचे दोन दुवे असतात. विषयाची निवड ते मन लावून करतात, हे मान्य केलं पाहिजे. मी कौटुंबिक कायदा शिकवते, कोल्हापुरात, एकोणीस वर्षं. मला एकदाही कंपनी कायद्याचा लेख आलेला नाही. मुदत चौदा दिवस. मानधन नाही. वर्षाअखेर एक पीडीएफ प्रमाणपत्र येतं. मानधन नसल्याची माझी तक्रार नाही. माझे स्वतःचे लेखही कुणीतरी असेच फुकट तपासले आहेत. तक्रार चौदा दिवसांची आहे. निमंत्रणात लेख किती शब्दांचा, तळटिपा किती, हे लिहिलेलं नसतं. होय म्हटल्यावर फाइल उघडते आणि कळतं, नऊ हजार शब्द आणि १३७ तळटिपा.

विज्ञानाच्या लोकांना हे सांगितलं की त्यांना तळटिपांचं एवढं काय, असं वाटतं. आपल्या विषयात प्रयोगशाळा नसते. लेखक जे म्हणतो त्याचा पुरावा तळटिपेत असतो, म्हणजे निकालात, कलमात, विधिमंडळाच्या चर्चेत. मजकूर कितीही सफाईदार असो, तळटीप उघडून तो निकाल वाचल्याशिवाय लेख खरा की खोटा हे कळत नाही. अमेरिकेत हे काम पूर्वीपासून विद्यार्थी करतात. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू १८८७ पासून निघतं आणि ते विद्यार्थीच चालवतात. तिथल्या बहुतेक लॉ रिव्ह्यूंत लेख निवडणं आणि त्यातली एकेक तळटीप मूळ स्रोताशी ताडून पाहणं हे संपादक-विद्यार्थ्यांचं काम. आपल्याकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठांतली अनेक जर्नल्स विद्यार्थी काढतात, काही प्राध्यापक काढतात, आणि पिअर रिव्ह्यू दोन्हीकडे आला. पण ताडून पाहण्याचं काम नेमकं कुणाचं हे मात्र बऱ्याच ठिकाणी अधांतरी राहिलं. संपादकांना वाटतं रिव्ह्यूअर बघतील. रिव्ह्यूअरला वाटतं, आपण मुद्दा बघायचा, तळटिपा संपादक बघतील. माझी या जर्नलबद्दलची सगळी तक्रार आणि सगळी आस्था याच फटीत आहे.

आता फॉर्म. पोर्टलवर सात प्रश्न असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण. विषय नवा आहे का, भाषा स्पष्ट आहे का, मांडणी सुसंगत आहे का, संदर्भ जर्नलच्या पद्धतीप्रमाणे दिले आहेत का, वगैरे. स्वल्पविराम आणि तिरपा टाइप यांना पाच गुण आहेत. पण ‘लेखकाने दिलेला निकाल खरोखर तेच सांगतो का’ हा प्रश्न पहिली दोन वर्षं फॉर्ममध्ये कुठेच नव्हता. आणि एक व्यावहारिक सूचना: फॉर्मवर थेट लिहू नका. अर्धा तास हात लागला नाही की पोर्टल बाहेर काढतं आणि लिहिलेलं जातं. पहिल्याच वेळी माझी दोन पानं गेली. तेव्हापासून मी अहवाल आधी वर्डमध्ये लिहिते.

माझ्याकडे आलेल्या एका लेखातल्या तळटीप ४१ बद्दल सविस्तर सांगते.

लेख व्यक्तिगत कायदे (लग्न, वारसा यांचे धर्मानुसार चालणारे कायदे) आणि मूलभूत हक्क यांच्यावर होता. हा विषय काढला की पहिलं नाव येतं स्टेट ऑफ बॉम्बे विरुद्ध नरसू अप्पा माळी या निकालाचं, एआयआर १९५२ मुंबई ८४, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहाच्या १९५२ च्या मुंबई खंडात पान ८४. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंना एक पत्नी हयात असताना दुसरं लग्न करायला बंदी घालणारा कायदा केला. त्याला आव्हान असं होतं की मुसलमानांना मुभा आणि हिंदूंना शिक्षा, हा धर्मावरून केलेला भेदभाव आहे. जुलै १९५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. (गजेंद्रगडकर मूळ साताऱ्याचे, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. हे मी फोनवर सांगितल्यावर माझी विद्यार्थिनी लगेच म्हणाली, “मग तर तो निकाल मला वाचायलाच हवा.”) पण हा निकाल आजही वाचला जातो तो वेगळ्या कारणाने. राज्यघटनेच्या कलम १३ प्रमाणे मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले ‘अंमलात असलेले कायदे’ तेवढ्यापुरते रद्द ठरतात. व्यक्तिगत कायदे या शब्दांत मोडतात का? दोघांनीही उत्तर दिलं, नाही.

आता लेखकाचं वाक्य. त्याचा आशय असा: खंडपीठाने एकमुखाने सांगितलं की कलम १३ मधले ‘अंमलात असलेले कायदे’ म्हणजे फक्त विधिमंडळाने केलेले कायदे, आणि हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शायरा बानो या तिहेरी तलाकच्या प्रकरणात ओव्हररूल केला, म्हणजे चुकीचा ठरवून मोडीत काढला. तळटिपेत दोन्ही सायटेशन, म्हणजे निकालांचे वर्ष-खंड-पान, बिनचूक, स्वल्पविरामासकट. फॉर्मच्या हिशोबाने पाच पैकी पाच.

वाक्याच्या दोन्ही भागांत चूक होती. दोन न्यायमूर्तींनी स्वतंत्र निकालपत्रं लिहिली आहेत आणि त्यांची वाट एक नाही. ‘अंमलात असलेले कायदे’ म्हणजे विधिमंडळाचे कायदे, हे गजेंद्रगडकरांचं म्हणणं. छागलांनी ते तसं मांडलेलं नाही. रूढी कलम १३ मध्ये येते हे त्यांना मान्य आहे. पण रूढी आणि व्यक्तिगत कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घटनाकारांना व्यक्तिगत कायदा ठाऊक होता, समवर्ती सूचीत त्यांनी त्याचा नावाने उल्लेख केला आहे, अशी त्यांची मांडणी आहे. हा फरक किरकोळ नाही. लेखकाचा पुढचा सगळा युक्तिवाद रूढींबद्दलचा होता. गजेंद्रगडकरांचं वाक्य छागलांच्या तोंडी घातलं की तो युक्तिवाद सोपा होतो; छागला नीट वाचले की त्याला उत्तर द्यावं लागतं.

दुसरा भाग. शायरा बानोमध्ये पाच न्यायमूर्ती होते आणि निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला. न्यायमूर्ती नरिमन यांनी, न्यायमूर्ती लळित यांच्यासह, असं म्हटलं की तिहेरी तलाक १९३७ च्या शरियत कायद्याने मान्य केलेला आहे, तो विधिमंडळाचा कायदा आहे, म्हणून तो कलम १४ वर, म्हणजे समानतेच्या हक्कावर, तपासता येतो. त्यामुळे नरसू अप्पा बरोबर की चूक हे ठरवायची गरज नाही. योग्य प्रकरणात त्याचा फेरविचार करावा लागेल, एवढं त्यांनी नोंदवलं. फेरविचार करावा लागेल आणि ओव्हररूल केला, यांतलं अंतर मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. २०१८ मध्ये शबरीमला प्रकरणात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी नरसू अप्पावर थेट टीका केली, पण ती त्यांच्या स्वतंत्र निकालपत्रात. आणि मधला एक महत्त्वाचा निकाल लेखात नव्हताच: कृष्णा सिंग विरुद्ध मथुरा अहिर, १९८०. त्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच म्हटलं होतं की घटनेचा तिसरा भाग, म्हणजे मूलभूत हक्क, पक्षकारांच्या व्यक्तिगत कायद्याला स्पर्श करत नाही. तो न घेता नरसू अप्पा म्हणजे केवळ एका उच्च न्यायालयाचं जुनं मत, असं लिहिणं म्हणजे वाचकाला अर्धी गोष्ट सांगणं.

हे मला आठवणीतून लिहिता आलं असतं. तसं लिहायचं नाही, हा माझा नियम आहे. आमच्या ग्रंथालयात १९५२ चा एआयआरचा मुंबई खंड आहे. ग्रंथपाल काकांनी तो वरच्या फळीवरून काढून दिला आणि मी पान ८४ पासून पुन्हा वाचलं. इंडियन कानून या संकेतस्थळावर हा निकाल फुकट मिळतो, पण तिथे छापील पानांचे आकडे नसतात आणि लेखकाने नेमकं पान दिलं होतं. त्या पानावर जे होतं त्यावरून उलगडा झाला: लेखकाचं वाक्य निकालातून आलेलंच नव्हतं. ते हेडनोटच्या जवळ जाणारं होतं, म्हणजे प्रकाशकाने वर दिलेल्या सारांशाच्या. हेडनोट वाचून निकाल उद्धृत करणं ही आपल्या विषयातली फार जुनी खोड आहे. वकिलाला घाईत ती परवडत असेल. संशोधकाला परवडत नाही.

त्या एका लेखाला मला अकरा तास लागले. सुट्टीचे दोन दिवस आणि तीन रात्री. चौदा दिवसांत कॉलेज सांभाळून हे बसवताना सेमिस्टरचे पेपर तसेच पडून राहिले. मी मुदतवाढ मागितली, दहा दिवस मिळाले, त्याबद्दल कुरकुर झाली नाही. पण मागावी लागली.

चौथ्या हस्तलिखिताने मला जास्त अस्वस्थ केलं. त्यात पोटगीवरचा एक निकाल होता, पक्षकारांची नावं ठीक वाटणारी, वर्ष-खंड-पान सगळं व्यवस्थित. तो खंड उघडला तर त्या पानावर जमीन महसुलाचं भलतंच प्रकरण. पक्षकारांच्या नावाने शोधलं, कुठेच नाही. तसाच आणखी एक. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून असे निकाल तयार होतात हे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयातल्या माटा विरुद्ध एव्हियांका प्रकरणाने सगळ्यांना दाखवून दिलं. तिथे वकिलांनी असे नसलेले निकाल सादर केले आणि पाच हजार डॉलर दंड झाला. या लेखकाने काय केलं हे मला सिद्ध करता येत नाही आणि तो आरोप मी अहवालात केला नाही. ‘तळटीप २२ आणि ६७ मधले निकाल दिलेल्या ठिकाणी सापडत नाहीत, कृपया प्रती जोडाव्यात’ एवढंच लिहिलं. प्रती आल्या नाहीत. लेख मागे घेतला गेला. संपादकांनी हे मला दोन ओळींत कळवलं. तीन वर्षांत निर्णय आपणहून कळवल्याची ही एकमेव वेळ. याच कारणाने रिव्ह्यूअरनेही हस्तलिखित अशा साधनात टाकू नये असं मी विद्यार्थिनीला बजावलं. ते दुसऱ्याचं अप्रकाशित लिखाण आहे, विश्वासाने आपल्या हाती दिलेलं.

डबल ब्लाइंडबद्दल थोडक्यात. लेखकाला माझं नाव कळत नाही, मला त्याचं कळू नये. पण एका फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं नाव तसंच राहिलं होतं, आणि ती व्यक्ती माझ्या ओळखीची होती. मी त्याच दिवशी संपादकांना कळवलं आणि त्यांनी तो लेख दुसऱ्याकडे दिला, माझ्यावर विश्वास टाकून ‘चालेल हो, तुम्हीच करा’ असं म्हटलं नाही. इथे त्यांना पूर्ण गुण.

अहवाल लिहिताना समोर कोण आहे याचा मी विचार करते. बऱ्याचदा तो पीएचडीचा विद्यार्थी असतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांनी प्रबंध देण्याआधी रेफरीड, म्हणजे लेख तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या, जर्नलमध्ये एक शोधनिबंध सक्तीचा केला. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली. यूजीसीने मान्य केलेल्या जर्नल्सची केअर यादी २०१९ मध्ये आली, २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. या सगळ्या वर्षांत मुलं छापून आणण्यासाठी धावत राहिली आणि निकाल मुळातून कसा वाचायचा हे त्यांना कुणी बसून शिकवलं नाही. म्हणून ‘लेखकाला विषयाची जाण नाही’ असलं वाक्य मी लिहीत नाही. तळटीप ४१ साठी मी पान क्रमांकासह लिहिलं की छागला या परिच्छेदात काय म्हणतात, गजेंद्रगडकर त्या परिच्छेदात काय म्हणतात, तुमचा युक्तिवाद यांतल्या कुणाविरुद्ध आहे ते ठरवा. अडीच पानं झाली. शिफारस ‘मोठे बदल’.

त्यानंतर आठ महिने काहीच कळलं नाही. मग अंक आला. लेख छापला होता. तळटिपेचा क्रमांक बदलून ३८ झाला होता. वाक्य तेच. एकमुखाने. ओव्हररूल.

मला वाईट वाटलं ते माझ्या अकरा तासांसाठी नव्हे. तो अंक आमच्याच ग्रंथालयात येतो. पुढच्या वर्षी एलएलएमचा एखादा मुलगा ती तळटीप उचलेल, त्याच्या प्रबंधात घालेल, मार्गदर्शक सही करतील, आणि नरसू अप्पा २०१७ मध्ये ओव्हररूल झाला हे चार ठिकाणी छापलेलं ‘सत्य’ होईल. कायद्याच्या विद्वानांचं लिखाण कोर्टाबाहेरही किती दूर जातं हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. मथुरा प्रकरणात, म्हणजे पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडल्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यात निकालातलंच तर्कशास्त्र उलगडून दाखवलं होतं, शरण जाणं म्हणजे संमती नव्हे हे. त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या चौघांनी निकाल हेडनोटवरून वाचला असता तर ते पत्र लिहिलं गेलं नसतं.

मी संपादकांना मेल केला, माझा अहवाल आणि छापील पान दोन्ही जोडून. चार दिवसांनी संपादक सरांचा स्वतःचा फोन आला. त्यांनी काही लपवलं नाही. दुसऱ्या रिव्ह्यूअरने चार ओळींत ‘स्वीकारावा’ लिहिलं होतं. दोघांच्या गुणांची सरासरी काढली, ती वर आली. माझा अहवाल लेखकाला गेला, लेखकाने ‘बदल केले’ असं उत्तर दिलं, आणि ते खरोखर केले का हे कुणी पाहिलं नाही. “बाई, आमच्याकडे माणसं दोन आणि लेख चाळीस,” ते म्हणाले. मी म्हटलं, “सर, मग सुधारलेली प्रत माझ्याकडे परत पाठवा. मी पुन्हा बघेन. पण न बघता छापू नका.”

पुढच्या अंकात शुद्धिपत्र आलं, दोनच ओळींचं, पण पान क्रमांकासह आणि स्पष्ट. या वर्षीपासून फॉर्ममध्ये आठवा प्रश्न आहे: उद्धृत निकाल मुळातून तपासले का, आणि कोणते. त्याला गुण नाहीत, लिहायला मोकळी चौकट आहे. चौदा दिवसांची मुदत अजून तशीच आहे. दुसऱ्या रिव्ह्यूअरचा अहवाल अजूनही दाखवत नाहीत, आणि तो दाखवायला हवा. दुसऱ्याने काय पाहिलं हे वाचूनच तर रिव्ह्यूअर घडतो. अंतिम निर्णय अजूनही विचारल्याशिवाय कळत नाही.

तरी विद्यार्थिनीला मी हो म्हणायला सांगितलं. फक्त होयचा दुवा दाबण्याआधी एक मेल लिही म्हटलं: शब्द किती, तळटिपा किती, चार आठवडे मिळतील का, आणि सुधारलेली प्रत पुन्हा माझ्याकडे येईल का. तिने लिहिला. चार आठवडे दिले. प्रतीबद्दल ‘शक्य तितकं’ असं उत्तर आलं. तिने काम घेतलं.

परवा तिचा मेसेज होता. “मॅडम, एक जुना निकाल ऑनलाइन आहे, पण पान ताडून बघायचंय. तुमच्याकडे १९५४ चा मुंबई खंड आहे का?” आहे. काकांनी तो आधीच काढून ठेवला आहे. शनिवारी सकाळच्या एसटीने ती येते आहे.